एकवीस दिवसांचं काम

कळंबला ढोकी रस्त्यावर अमृत पेंटरचं पत्र्याचं दुकान होतं. पाटी नव्हती. आडव्या बांबूला मोटारसायकलींच्या टाक्या टांगलेल्या असायच्या, कुठली लाल, कुठली निळी, कुठली नुसताच प्रायमर मारलेली राखाडी, आणि तेवढ्यावरून लोक दुकान ओळखायचे. तीस वर्षं त्यानं हेच काम केलं. गंजून चाळणी झालेली टाकी असो की पडून पोचे आलेली, अमृतच्या हातून निघाली की मालक तिच्यात बघून भांग पाडायचा. ‘अमृतनं केलंय’ म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नसे. या गोष्टीचा त्याला आतून ताठाही होता.

बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. जे काही होतं ते थोरल्या बहिणीच्या घरात, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. आई लवकर गेल्यावर विठाबाईनंच त्याला वाढवलं, आणि पुढं तिचा नवरा काविळीनं गेला तेव्हा तिच्या चार वर्षांच्या पोरीला अमृतनं खांद्यावर घेतलं. विठाबाई अंगणवाडीत मदतनीस होती. पोरगी शाळेत जायला लागली तशी प्रगतिपुस्तकावर पालकाची सही अमृतच करायचा. संध्याकाळी दुकान बंद केलं की तो बहिणीकडं जेवायला जायचा. भाकरी तव्यावरून थेट ताटात पडायची.

ती पोरगी म्हणजे पौर्णिमा. रसायनशास्त्र शिकून ढोकीच्या बाजूला एका कारखान्याच्या डिस्टिलरीत लॅबमध्ये लागली होती. उसाच्या मळीपासून जो इथेनॉल निघतो, तो तपासायचं काम. वय सत्तावीस. कॉलेजला पुण्यात असताना तिनं डोंगरातल्या मोटारसायकलींच्या शर्यती बघितल्या आणि तिला त्यांचं वेडच लागलं. गल्लीतल्या बायका विठाबाईला म्हणायच्या, पोरीचं लग्न करायचं सोडून हे काय? विठाबाई म्हणायची, “तिच्या पगाराची गाडी हाय, तिच्या हातानं चालवती. तुमाला काय तरास?”

दिवाळीनंतर पौर्णिमानं पुण्याहून एक जुनी परदेशी गाडी टेम्पोत घालून आणली. उंच, सडपातळ, चिखलात पळवायची. इंजिन ठणठणीत होतं, पण टाकीकडं बघवत नव्हतं. हिरव्या रंगाला अंगभर फोड आले होते, एखाद्याला कांजिण्या आल्यासारखे. एक फोड नखानं दाबला की आतून पेट्रोलचा वास यायचा.

अमृतनं टाकीवर बोटाची गाठ वाजवली. ठक्क न होता भद्द आवाज आला.

“ही तर प्लास्टिकची हाय गं.”

“म्हणूनच तुमच्याकडं आणली, मामा. पुण्यात दोघांनी रंगवून बघितली. दोन महिन्यांत परत फोड.”

“रंग हलका मारला असंल.”

“रंगाचं कारण न्हाय.” ती बाकड्यावर मांडी घालून बसली आणि शिकवायला लागली. “लोखंडातनं पेट्रोल बाहेर येत न्हाय. ह्या प्लास्टिकमधनं येतंय. पाणी झिरपतंय तसं न्हाय, वाफ येती. डोळ्याला दिसत न्हाय. ती रंगाच्या खाली जमती आन् रंग उचलती. त्यात आता पेट्रोलमधे आमचा इथेनॉल मिसळलेला, त्यानं काही काही प्लास्टिक फुगतंय बी. आधी टाकी आतून बंद करायची, मग बाहेरून रंगवायची.”

अमृतला गंमत वाटली. ज्या पोरीला त्यानं ब्रश धरायला शिकवलं ती आता त्याला टाकी शिकवत होती. तिनं सगळी माहिती काढून एका कागदावर मराठीत लिहून आणली आणि भिंतीला चिकटवली. टाकी रिकामी करायची, साबणाच्या कढत पाण्यानं धुवायची, झाकण आणि खालचा पेट्रोल सोडायचा कॉक काढून एकवीस दिवस उघड्यावर ठेवायची, म्हणजे प्लास्टिकच्या अंगात मुरलेलं पेट्रोल उडून जाईल. मग आत नट-बोल्ट घालून हलवायची, म्हणजे आतली बाजू खरबरीत होईल. मग दोन डब्यांतलं लायनरचं औषध एकत्र करून आत ओतायचं आणि टाकी सगळ्या अंगांनी फिरवायची, म्हणजे आतून अस्तर बसेल. ते सात दिवस वाळू द्यायचं. त्यानंतर बाहेरचा रंग. ‘एकवीस’ या आकड्याखाली तिनं दोनदा रेघ मारली होती.

“एकवीस लई झाले,” अमृत म्हणाला.

“एकही कमी न्हाय, मामा. आत वास राहिला तर अस्तर चिकटत न्हाय. साल निघती.”

शर्यत जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी होती, साताऱ्याकडं. बायकांचा वेगळा गट होता आणि पौर्णिमानं नाव दिलं होतं. डिसेंबरच्या पाच तारखेला तिनं टाकी दुकानात ठेवली. हिशेबानं दिवस पुरत होते.

आता झालं असं, की त्याच आठवड्यात एका पुढाऱ्याच्या माणसानं दुकानापुढं जीप आणून लावली. निवडणुकीची धामधूम होती. जीप रंगवायची, तिच्यामागं आणखी दोन, शिवाय कार्यकर्त्यांच्या मोटारसायकली. माणूस म्हणाला, “साहेबांनी सांगितलंय, काम अमृतच्याच हातचं पायजे.” हे ऐकल्यावर अमृतला नाही म्हणवेना. टाकी त्यानं कोपऱ्यात सरकवली. झाकण लावलेलंच राहिलं, तळाशी पेलाभर पेट्रोलही तसंच. उद्या धुऊ, परवा धुऊ, करता करता सतरा दिवस गेले.

बावीस तारखेला त्याला टाकीची आठवण झाली ती पौर्णिमाच्या फोननं. “मामा, कुठवर आलंय?”

तो खरं सांगू शकला असता. ती चिडली असती, चार दिवस बोलली नसती, शर्यतीला गेली नसती. एवढंच झालं असतं. पण तिचं काम बाजूला टाकून पुढाऱ्याच्या जीपला हात लावला, हे भाचीला कोणत्या तोंडानं सांगायचं? तो म्हणून गेला, “अगं, पहिल्या दिवसापासनं उघडी ठेवलीय. चार दिवसात एकवीस भरत्यात.”

फोन ठेवल्याबरोबर त्यानं टाकी धुतली. दोनदा धुतली, तीनदा धुतली, पत्र्यावर उन्हात ठेवली. थंडीचं ऊन, पण कडक होतं. चार दिवस ठेवली. मनाला समजावलं की पोरीनं कागदावर उतरवलेली माहिती मुळात लिहिणारे गोरे लोक थंड मुलखातले. आपल्याकडच्या उन्हात चार दिवस म्हणजे त्यांचे वीस.

शुक्रवारी, सुट्टी काढून, पौर्णिमा स्वतः आली. अस्तर तिला आपल्या हातानं द्यायचं होतं. मामा-भाचीनं नट-बोल्ट घालून टाकी हलवली, मग औषध कालवलं. ओतण्याआधी तिनं टाकीच्या तोंडाला नाक लावलं.

“मामा, अजून वास येतोय.”

“थिनरचा हाय गं. दुकानात सगळीकडं थिनरच थिनर.”

तिनं पुन्हा एकदा नाक लावलं. मग मामाकडं बघितलं, आणि तिनं औषध ओतलं. तासभर दोघं टाकी आळीपाळीनं फिरवत बसले, उलटी, सुलटी, आडवी.

पुढचं काम मात्र अमृतनं जीव ओतून केलं. अस्तराला सात दिवस दिले. बाहेरून प्लास्टिकचा खास प्रायमर मारला, वर पिवळा, उन्हात सूर्यफूल दिसतं तसला, आणि वरून लॅकरचे तीन हात. आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम झालं. पौर्णिमा टाकीवरून नुसता हात फिरवत राहिली.

शर्यतीत तिचा तिसरा नंबर आला. विठाबाईनं अंगणवाडीतल्या पोरांना गुळाचे लाडू वाटले. चिखलानं माखलेल्या पोरीचा आणि पिवळ्या गाडीचा फोटो अमृतनं मोबाइलवर गिऱ्हाइकांना इतक्यांदा दाखवला की लोक टाकी न दाखवता परत जायचे.

दहाएक दिवसांनी पौर्णिमाचा फोन आला. ती रोज ड्यूटीला आता त्याच गाडीवर जात होती. “मामा, गाडी मधीच बंद पडती. थोडा वेळ थांबलं की परत चालू. कार्बोरेटरमधे कचरा असंल का?”

अमृतची नजर भिंतीवरच्या कागदाकडं गेली. तिथल्या तिथं त्याला कळलं होतं का? पुढं कित्येक महिने तो स्वतःला हेच विचारणार होता. त्या वेळी त्यानं एवढंच म्हटलं, “असंल. रविवारी आण, बघू.”

हे बोलणं बुधवारचं. शुक्रवारी संध्याकाळी पौर्णिमा ड्यूटी संपवून कळंबकडं निघाली. दिवस मावळला होता, उजेड अजून थोडा होता. गळिताचा हंगाम, रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. गाडी बंद पडली. रस्त्याच्या कडेला काळ्या मातीचा खोल उतार होता, म्हणून तिनं गाडी डांबराच्या काठावरच उभी केली आणि खाली बसून कॉक उघडझाप करून बघायला लागली. दोन ट्रॉल्या ओढणारा एक ट्रॅक्टर आला. ट्रॉल्यांना मागं-पुढं उजेडात चमकणारी लाल पट्टी नाही, ऊस दोन्ही अंगांनी हातभर बाहेर. पहिली ट्रॉली तिला घासून गेली. दुसरी हेलकावली.

दुधाचे कॅन घेऊन चाललेल्या एका माणसानं तिला उचललं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

जलदानविधीला विहारापुढं माणूस मावत नव्हता. विठाबाई रडली नाही. भंतेजींनी सांगितलं तसं ती तांब्यातलं पाणी ताटात ओतत राहिली. पाणी ताटाबाहेर सांडायला लागलं तरी थांबेना, शेवटी अमृतनं तिचा हात धरला.

पोलिसांनी पंचनामा करून पंधरा दिवसांनी गाडी सोडली. अमृतनंच ती टेम्पोतून आणली. गाडीला फारसं काही झालं नव्हतं. एक आरसा तुटला होता, एवढंच. टाकीवर ओरखडाही नाही. दुपारची वेळ होती, दुकानात कुणी नव्हतं. त्यानं दार ओढून घेतलं, टाकीखालचा कॉक सोडवला आणि आतली जाळी बाहेर काढली.

जाळीला पातळ, पिवळसर सालपटं चिकटून बसली होती. दुधावरची साय बोटानं उचलावी तशी. त्यानं टाकी पालथी केली, तशी आणखी सालपटं पेट्रोलबरोबर खाली आली. गाडी थांबली की पेट्रोलची ओढ थांबत होती, सालपटं जाळीवरून सुटत होती, गाडी चालू होत होती; चार मैल गेलं की पुन्हा जाळीवर येऊन बसत होती. एवढी साधी गोष्ट. भिंतीवर तिच्या अक्षरात लिहिलेली.

तो तिथंच जमिनीवर बसला. उठल्यावर त्यानं सालपटं गोळा करून पुडीत बांधली, कारण टाकवेनात. गाडी विठाबाईच्या अंगणात नेऊन उभी केली. आणि गप्प बसला.

ट्रॅक्टरवाल्याचं नाव महांतप्पा. सीमेपलीकडचा, पन्नाशीचा माणूस, हंगामापुरता आलेला. तो पोलिसांना एकच सांगत होता, “ताई रस्त्यावर बसल्या होत्या, गाडी बंद होती, मला दिसल्या न्हाईत.” गल्लीत कुणाचा त्यावर विश्वास नव्हता. रोज संध्याकाळी विठाबाईच्या ओट्यावर बायका-माणसं जमायची आणि महांतप्पाच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. अमृत ताटावर बसलेला असायचा. घास फिरत राहायचा, गिळवायचा नाही. विठाबाई म्हणायची, “खा रे बाळा. तू बी गेलास तर मला कोण हाय?” हे ऐकलं की तो मान खाली घालून उरलेली भाकरी पाण्याबरोबर ढकलायचा. असे सहा आठवडे गेले.

मग एका रविवारी विठाबाई त्याला म्हणाली, “उद्या माझ्यासंगं ठाण्यात चल. त्यो मेला म्हणतोय गाडी बंद पडली व्हती. तू जबाब दे.”

“म्या काय जबाब देऊ, आक्का?”

“सांग त्यांला, टाकी म्या केलीय म्हणून. तीस वरसं काम करतो म्हणून. माझ्या भावानं केलेली गाडी बंद पडंल व्हय? सगळं कळंब सांगंल.”

अमृतनं ताट बाजूला सरकवलं. हात धुतले नाहीत.

“आक्का, गाडी बंदच पडली व्हती.”

विठाबाई चुलीपाशी होती. तिनं मान वळवली.

“माझ्यामुळं पडली,” तो म्हणाला. आणि मग सांगायला लागला. जीप, सतरा दिवस, झाकण लावलेली टाकी, फोनवरची थाप, चार दिवसांचं ऊन. तो तिच्याकडं बघत नव्हता. जमिनीवरच्या एका भेगेकडं बघून बोलत होता. शेवटी त्यानं खिशातून पुडी काढून तिच्यापुढं ठेवली. तव्यावरची भाकरी करपली, तिचा धूर झाला. दोघांपैकी कुणी उठलं नाही.

विठाबाईनं विचारलं, “ती म्हणली व्हती, वास येतोय म्हणून?”

“व्हय.”

“तू काय म्हणलास?”

“थिनरचा हाय म्हणलो.”

“मग ती काय म्हणली?”

“काई न्हाय. माझ्याकडं बघितलं आन् औषध ओतलं.”

विठाबाईनं तवा उतरवला. करपलेली भाकरी उलथन्यानं खरवडली, परातीत टाकली. तिचा आवाज अजिबात चढला नाही.

“अमृत, चूक हुती माणसाच्या हातून. तू मुद्दाम न्हाय केलंस, हे मला सांगायची गरज न्हाय. पण गाडी आणलीस त्या दिवशीच तुला कळलं. तवापासनं तू रोज हितं जेवलास. म्या त्या माणसाला शिव्या दिल्या, तू ऐकल्यास. त्याच्या लेकराबाळांला तळतळाट दिला, ते बी ऐकलंस. आन् म्या तुला ‘खा रे बाळा’ म्हणत राहिले.”

अमृत रडायला लागला. ती त्याच्याजवळ आली नाही.

“उद्या सकाळी धा वाजता ठाण्यात ये,” ती म्हणाली. “हे जसंच्या तसं तिथं सांग. आता जा.”

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळं सांगितलं. हवालदारानं लिहून घेतलं, पुडी हातात घेऊन उलटीपालटी केली आणि म्हणाला, “हे ठीक हाय, पण ट्रॉलीला पट्टी नव्हती ती नव्हतीच. ऊस बाहेर होता तो होताच. तुमच्यावर गुन्हा कसला लावू मी? वास आला म्हणून?” महांतप्पाला जामीन मिळाला, तो आपल्या गावी गेला, खटला आपल्या गतीनं चालू राहिला. अमृतला वाटलं होतं, बेड्या पडतील, निदान कुणी थोबाडीत तरी मारेल. सही करून तो बाहेर आला तेव्हा रस्त्यावर रोजच्यासारखी वर्दळ होती. विठाबाई पुढं चालली होती. कोपऱ्यावर ती आपल्या गल्लीकडं वळली; मागं बघितलं नाही. त्यानंही तिच्यामागं जायला पाय उचलला नाही.

त्यानंतर त्यानं टाक्या घेणं बंद केलं नाही. पोट होतं. पण आता गिऱ्हाईक आलं की तो दिवस वाढवून सांगायचा, लोक कंटाळून दुसरीकडं जायचे. स्वतःला भाकरी थापता येत नव्हती. भात आणि डाळ एकत्र शिजवून खायचा. दोनदा बहिणीच्या दारापर्यंत जाऊन आला. एकदा दार बंद होतं. एकदा उघडं होतं, ती धुणं वाळत घालत होती, तिनं त्याला बघितलं आणि उरलेलं धुणं घेऊन आत गेली.

उन्हाळा सरता सरता एका रविवारी विठाबाई स्वतःच दुकानात आली. बाहेर उभी राहिली. अमृत पॉलिश पेपरनं एक टाकी घासत होता. हातातला पेपर तसाच राहिला.

“ती आली की कुठं बसायची?” तिनं विचारलं.

अमृतनं बाकडं दाखवलं. विठाबाई त्यावर बसली. आजूबाजूला बघितलं, डबे, स्प्रे गन, कंप्रेसर. भिंतीवरचा कागद बघितला, पण वाचायला उठली नाही.

“औषध घालायच्या दिवशी दिसभर ती हितंच व्हती. घरी आल्यावर झोपलीच, माझ्याशी काई बोलली न्हाय. काय काय बोलली हितं?”

अमृत सांगायला लागला. तिनं समोरच्या गाड्यावरून तिखटमीठ लावलेला पेरू आणला होता, अर्धा मामाला दिला आणि नंतर मामाचाही अर्धा खाल्ला. तोंडाला फडकं बांधत नाही म्हणून मामाला झापलं होतं. लॅबमधल्या साहेबांची नक्कल केली होती, साहेब शिंकताना आधी चष्मा काढतात ती. दुपारी याच बाकड्यावर तोंडावर पेपर टाकून झोपली होती.

“घोरत व्हती?”

“लई.”

विठाबाईनं पदर तोंडाला लावला. हसली की रडली, अमृतला कळलं नाही. थोड्या वेळानं ती उठून निघून गेली, आणि पुढच्या रविवारी पुन्हा आली. मग दर रविवारी यायची. त्याच्याकडचं पाणी प्यायची नाही, त्याला घरी बोलवायची नाही. बाकड्यावर बसायची आणि म्हणायची, “आणिक?” अमृत आठवड्याभर आठवून आठवून ठेवायचा. पौर्णिमा आठवीत असताना आईपासून लपवून इथं सायकल रंगवून घेऊन गेली होती ते. विठाबाईच्या हातचं पिठलं खारट असतं, पण सांगायची सोय नाही, असं म्हणायची ते. ते ऐकून विठाबाई म्हणाली, “खारट करते म्या? मला कधी बोलली न्हाय.” आणि तो सबंध रविवार ती त्याच एका गोष्टीवर बसून राहिली.

सांगण्यासारखं संपत आलं. शेवटी अमृतजवळ एकच गोष्ट उरली. ती त्यानं कुणाला न सांगायचा शब्द दिला होता, आणि शब्द घेणारी आता नव्हती. दोन रविवार तो गप्प राहिला. तिसऱ्या रविवारी विठाबाईनं ‘आणिक?’ म्हटलं तेव्हा तो म्हणाला, “आक्का, एक पोरगा व्हता.”

विठाबाईनं मान वर केली.

“लातूरला माती परीक्षणाच्या लॅबमधे हाय. प्रसेनजित नाव. शर्यत झाली की आईला सांगते म्हणली व्हती. मला म्हणली, मामा, तुम्ही आधी सांगू नका, आईला माझ्या तोंडून कळू द्या.”

“कसा हाय?”

“फोटो दाखवला व्हता. उंच. चष्मा. डाव्या भुवईवर टाके घातल्याची खूण.”

विठाबाईनं बाकड्याची कड घट्ट धरली. “जलदानाला आला व्हता,” ती म्हणाली. “विहाराच्या मागल्या भिंतीला टेकून उभा व्हता. सकाळपासनं. चष्मा काढून पुसायचा, परत घालायचा. मला वाटलं कारखान्यातला असंल कुणी. सगळे गेले तरी त्यो उभाच व्हता, मग कधी गेला ते बघितलं न्हाय.” तिनं अमृतकडं बघितलं. “त्याला पाणी तरी विचारलं का रं कुणी?”

अमृतला आठवेना. त्या दिवशीचं त्याला काहीच धड आठवत नव्हतं.

सोमवारी विठाबाईनं अंगणवाडीत रजा टाकली. सकाळच्या लातूर एसटीला ती स्टँडवर उभी होती, हातात कापडी पिशवी. अमृतही आला. तिनं त्याला बोलावलं नव्हतं, आणि आल्यावर जा म्हणालीही नाही. गाडी लागली तशी ती पुढच्या दारातून चढून खिडकीपाशी बसली. शेजारची जागा रिकामी होती. अमृत तिथं क्षणभर थांबला, मग मागं जाऊन शेवटच्या बाकावर बसला. गाडी ढोकीच्या रस्त्याला लागली. तिथून त्याला बहिणीच्या डोक्यावरचा पदर आणि पांढरे केस दिसत होते. ते लातूर येईपर्यंत एकदाही वळले नाहीत.